उभ्या गाडीचा वेग

माणसाची योग्यता त्याच्या कर्तृत्वावरून ठरते, असे थोर लोक सांगत आले आहेत. या थोर लोकांना साडू नसावेत. ज्याला साडू असतो त्याची योग्यता साडूच्या मानाने ठरते, आणि एकत्र जेवणाचा योग आला की दर वेळी नव्याने ठरते.

दंतवैद्यांचे साडू थोरले होते आणि फरशांचा व्यापार करत. त्यांनी लाल रंगाची स्पोर्ट्‌स कार घेतली आणि मीठ मागावे इतक्या सहज आवाजात सांगितले, "रेसच्या ट्रॅकवर सात मिनिटं चाळीस सेकंद."

हे जास्त की कमी, ते टेबलावर कोणालाच ठाऊक नव्हते. सासऱ्यांनी तेवढे विचारले, "अंडं उकडायला?"

पण पुढे ते "वा" म्हणाले, आणि ते वा दंतवैद्यांच्या जिव्हारी लागले. वीस वर्षांत सासरे त्यांच्या गाडीत एकदाही बसले नव्हते. जायचे असले की थोरल्या जावयाबरोबर. धाकट्याने आग्रह केलाच, तर "तुम्ही या हो मागून" म्हणत.

महिन्याभरात दंतवैद्यांनी निळी स्पोर्ट्‌स कार घेतली. त्याच ट्रॅकवर सात मिनिटे अडतीस. हा ट्रॅक त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि तो पाहिलेला कोणी माणूसही पाहिलेला नव्हता. घर ते दवाखाना या मार्गावर सात गतिरोधक, दोन सिग्नल, एक शाळा आणि एक कायमस्वरूपी खड्डा आहे. (खड्डा पाणीवाले बुजवतात आणि टेलिफोनवाले उघडतात. दोन्ही खात्यांत उत्तम समन्वय आहे.) तिथे तिसरा गिअर एकदाच पडला होता, तोही चुकून. तरीही आपण साडूंपेक्षा दोन सेकंद पुढे आहोत, या जाणिवेने दंतवैद्यांची पाठ ताठ झाली. तशी ती त्या सीटमुळेही झाली होती.

आणि मग लाल गाडीच्या कंपनीने निवेदन काढले: नवे टायर, सात मिनिटे छत्तीस.

फरशीवाल्यांची गाडी त्या दिवशी बॅटरी उतरल्याने गॅरेजात होती. टायर तेच होते, जुने. ती ढकलत आणली होती आणि त्याच अवस्थेत चार सेकंदांनी वेगवान झाली. दंतवैद्यांची गाडी मात्र खोळ घालून पार्किंगमध्ये उभी असताना मागे पडली.

"काय डॉक्टर," फरशीवाल्यांचा फोन आला, "दमलात वाटतं."

दंतवैद्य तडक शोरूममध्ये गेले. व्यवस्थापकांनी त्यांना बसवून पाणी दिले, आणि कंपनीची गाडी धावते कशी ते हळू आवाजात समजावले. गाडी ग्राहकाला मिळते तशीच असते. फक्त तिची स्टेपनी काढतात. शेजारची सीट काढतात, कारण शेजारी कोणी नसते. मागचे दिसणारे आरसे काढतात, कारण मागेही कोणी नसते. पेट्रोल पुरेल इतकेच, टायर एका फेरीत सेवानिवृत्त होणारे, आणि चालक बावन्न किलोचा, अविवाहित.

"अविवाहित कशाला?"

"शेजारून 'हळू' म्हणणारं कोणी आठवायला नको, साहेब."

"आणि फेरी तरी पूर्ण मारतात ना?"

व्यवस्थापकांना हा प्रश्न आवडला नाही. "फेरी म्हणजे निघालो तिथे परत येणं. आमच्या कंपनीत 'तिथे' म्हणजे तिथून हाक मारली तर ऐकू येईल इतकं जवळ."

"मग माझ्या गाडीची सीट, आरसे, सगळं काढून द्या."

"वॉरंटी जाईल. तुम्ही शुक्रवारपर्यंत थांबा ना. आमचंही निवेदन येतंय."

शुक्रवारी निवेदन आले. सात मिनिटे तेहतीस. दंतवैद्यांनी दवाखान्यात सर्वांना चहा पाजला. खुर्चीतल्या पेशंटलाही बातमी सांगितली. तो "आँ" म्हणाला. (त्याला पर्याय नव्हता.)

त्याच आठवड्यात सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. घरी न्यायला दोन्ही जावई, दोन्ही गाड्या रुग्णालयाच्या दारात हजर. सासऱ्यांनी उघड्या डोळ्याने दोन्हींकडे पाहिले.

"कुणाची लवकर पोचते?"

फरशीवाल्यांनी आपल्या गाडीचे उघडलेले दार लोटून घेतले. आकड्यापुढे थोरलेपण चालत नाही.

"माझी, नाना," दंतवैद्य म्हणाले. "तीन सेकंदांनी."

"मग चला."

वीस वर्षांत प्रथमच. दोन वॉर्डबॉय लावून सासऱ्यांना त्या खोल सीटमध्ये उतरवण्यात आले. विहिरीत घागर सोडतात, तसे. इंजिन गरजले. फाटकाशी रुग्णालयाने रुग्णांच्या हितासाठी बांधलेला गतिरोधक होता. पुढची चाके पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली आणि मधल्या पोटावर निळी गाडी झुलू लागली. मागे लाल गाडी. तिच्या मागे एक रुग्णवाहिका, जिचा ट्रॅकवरचा वेळ कोणी नोंदवलेला नाही.

"वजन जरा कमी झालं की निघेल हो," रखवालदार म्हणाला.

दंतवैद्यांनी स्टेपनीचा विचार केला. ती काढली तर वॉरंटी जाणार होती. आरशांचा विचार केला. मग, आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी, ते म्हणाले, "नाना, जरा... उतरता का?"

सासऱ्यांना पुन्हा वर काढण्यात आले. गाडी खरवडत पलीकडे उतरली. दंतवैद्यांनी खाली उतरून आदबीने दार उघडून धरले, तेव्हा सासरे रस्त्यावर नव्हते. ते चालत घरी गेले होते. घर रुग्णालयाच्या मागच्याच गल्लीत आहे.

ही हकीगत तीन मिनिटांत वाचून होते. (हा वेळ एका अविवाहित वाचकाने, कंसातला मजकूर काढून, शेवटच्या परिच्छेदाला हाक ऐकू येईल इतक्या जवळ पोहोचून नोंदवला आहे.) आपण आत्ता घड्याळाकडे पाहिलेत.