साक्षगंधाच्या फोटोत बंडू

बंगळूरला पाच वर्षं शिकून मी आदिलाबादला परतले, तेव्हा मला वाटलं होतं की माझे लोक माझ्या कॅमेऱ्यासमोर शांत बसतील. खिडकीतून उजेड येईल, एखाद्या सुरकुतीवर थांबेल, मी सावकाश रिंग फिरवेन आणि त्या माणसाचं अख्खं आयुष्य टिपेन. प्रत्यक्षात आढळलं असं की माझे लोक दीड सेकंदाहून जास्त एका जागी बसत नाहीत. आणि बसलेच तर विचारतात, "झालं का वं?"

रिंगचं आधी सांगते. माझा कॅमेरा नवा आहे, मिररलेस. माणसाचा डोळा शोधून आपोआप फोकस करणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ. पण मी त्याला जी लेन्स लावते ती पूर्णपणे हाताने चालवायची. पन्नास मिलिमीटर, सगळी धातूची, वजनाला वरवंट्याच्या जवळपास. मोटर नाही, झूम नाही. रिंगवर मीटरचे आकडे कोरलेले. जितक्या मीटरवर रिंग ठेवाल तिथलं स्पष्ट, बाकीचं लोण्यासारखं वितळलेलं. माझं म्हणणं साधं आहे : ऑटोफोकस म्हणजे कोण महत्त्वाचं हे यंत्राने ठरवणं. माझ्या माणसांत कोण महत्त्वाचं हे ठरवणारं यंत्र कोण? (हे मी हॉस्टेलच्या भिंतीवर लिहिलं होतं. वॉर्डनने पुसायला लावलं. मनातून पुसलं गेलं नाही.)

म्हणून माझ्या मोठ्या बहिणीचं, दीपमालाताईचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी ठरलं तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला. फोटो मी काढणार, एकच काढणार, आणि याच लेन्सने.

इचोड्याहून पाहुणे आले. नवरदेव अमरदीप भाऊजी, त्यांचे मामा नागोराव, आणखी सातआठ जण, आणि सगळ्यांच्या पुढे त्यांच्या आत्या, द्वारकाबाई. भाऊजींची आई ते तीन वर्षांचे असताना गेली. त्यांना वाढवलं आत्यांनी. लग्नाची तारीख त्या सांगतील तीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मी सगळ्यांना शोकेससमोर बसवलं आणि आधी मोबाइल खाली ठेवायला लावले. सगळ्यांचे. मग छोटंसं भाषण केलं.

"हा फोटो घाईचा नाही. यात जे महत्त्वाचं तेच साफ येणार, बाकी आपोआप मागे पडणार."

"चांगलं हाये," आत्या म्हणाल्या आणि पदर नीट केला.

मी लेन्स पूर्ण उघडली. एवढी उघडली की तीन मीटरवर जेमतेम वीतभर जागा स्पष्ट येते. माझ्या कॅमेऱ्यात एक सोय आहे. जे फोकसमध्ये असेल त्याच्या कडा पडद्यावर लाल चमकतात. मी रिंग फिरवत गेले आणि एकदम पडद्यावर लालच लाल झालं. इतकं लाल मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हाच तो क्षण, असं मनाशी म्हणून मी बटण दाबलं.

"झालं का वं?" नागोरावमामांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

फोटो तिथल्या तिथे भाऊजींच्या मोबाइलवर पाठवला. बोटभर पडद्यावर तो सुंदरच दिसत होता. मंडळी खूश होऊन ऑटोत बसली.

पण भाऊजींच्या घरी त्रेचाळीस इंची टीव्ही आहे, आणि भाऊजी हौशी आहेत. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बसवून फोटो टीव्हीवर लावला. पुढच्या पाच मिनिटांत आईचा फोन वाजला. आत्यांचा होता. आईने तो स्पीकरवर टाकला. (आई शाळेत शिकवते. घरातला कोणताही विषय ती वर्गाला ऐकू जाईल असाच घेते.)

"प्रतिभाबाई, तुमची पोरगी म्हन्ली होती ना, जे महत्त्वाचं तेच साफ येते?"

"हो, म्हणाली होती."

"मंग आमी पाहून राह्यलो. नवरदेव धूसर. नवरी धूसर. मी तं असी दिसून राह्यली का कोनी ओल्या फडक्यानं पुसली. साफ कोन हाये सांगू?"

"कोण?"

"बंडू!"

बंडू म्हणजे त्यांचा ऑटोवाला. पन्नाशीचा माणूस. पाणी मागायला आत आला होता आणि शोकेसला टेकून पीत होता. त्याचा शर्ट बारीक चौकड्यांचा, काळा-पांढरा. अशा शर्टाला कडा किती असतात हे मी तेव्हा मोजायला हवं होतं. ते सगळं लाल बंडूचं होतं.

"बंडू, अन् त्याच्या बाजूचा शोकेसमधला निर्मल गावचा लाकडी पोपट," आत्या सांगत होत्या. "पोपटाची चोचसुद्दा साफ. बाई, लगन बंडूचं हाये का पोपटाचं? मी या पोराले तीन वरसाचा होता तवापासून वाढवलं, अन् तुमच्या घरी माही किंमत पोपटाखालची? तारखेचं मंग पाहू. सध्या राहू द्या."

फोन बंद झाला. ताई माझ्याकडे पाहत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तेजू," ती हळू म्हणाली, "चार वर्षं मी या माणसाची वाट पाहिली. आधी त्याची नोकरी, मग त्याच्या घरचे. आणि तू बंडूचा फोटो काढला."

"पण ताई, बंडूच्या चेहऱ्यावर काय भाव आहे, पाहिलास?"

ताई उठून आत गेली. (भाव खरंच होता. तहान भागल्याचा. त्याहून चांगला चेहरा मी आजवर टिपलेला नाही, पण हे ऐकून घ्यायला घरात कोणी उरलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इचोड्याला निघाले. समजावून सांगितलं की माणसांना पटतं, हा माझा विश्वास आहे. बाबा सोबत आले. बाबा, म्हणजे नागसेनराव, पस्तीस वर्षं सर्वे खात्यात जमिनी मोजून निवृत्त झालेत. बोलणं कमी. बसमध्ये सगळ्या रस्ताभर मांडीवर थैली घेऊन बसले होते.

आत्या ओट्यावर होत्या. मी सुरुवात केली.

"आत्या, लेन्स म्हणजे डोळ्याची बाहुली. ती मोठी उघडली की मागचं-पुढचं धूसर होतं. लहान केली की सगळं साफ येतं."

"लहान करता येते?"

"हो."

"तवा उघडी कोनं ठेवली?"

"मीच."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. कारण त्याने एक प्रकारची खोली येते."

"आयकलं का नागोराव?" आत्यांनी मामांकडे मान वळवली. "चुकून नाही. मुद्दाम धूसर केलं आपल्याले."

मी पुढे खोलीचा अर्थ सांगणार होते, तेवढ्यात बाबांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा हातात घेतला. चष्मा वर केला आणि लेन्स फिरवून पाहिली.

"हे आकडे मीटरचे हायेत का?"

"हो बाबा."

"म्हंजे माणूस किती मीटरवर हाये ते यात लावा लागते?"

"हो."

"अन् तू मोजलं नाही?"

बाबांनी थैलीतून मोजणीचा टेप काढला. (निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, टेप अजून थैलीत असतो.) "द्वारकाबाई," ते उभे राहून म्हणाले, "मौक्यावर, म्हंजे जाग्यावर, मोजणी न करता नक्शा काढला, म्हनून हद्द चुकली. चूक आमची हाये. आता फेरमोजणी करतो. थोडा चुना असंन तं द्या."

अंगणात बाबांनी माझी जागा खुंटी ठोकून कायम केली. टेपाचं एक टोक माझ्या हाती दिलं आणि दुसरं घेऊन ते अंगणभर चुन्याची कमान आखत गेले. कमानीवर एकेक माणूस बसू लागला.

"माहं किती भरलं?" आत्यांनी विचारलं.

"पाच मीटर."

"अन् नागोरावचं?"

"पाच मीटर."

"बोटभर इकडं तिकडं?"

"सर्वे खात्यात बोटभर नसते, बाई."

आत्यांनी मामांच्या पायाकडे पाहिलं, चुन्याच्या रेघेकडे पाहिलं आणि मग ताठ बसल्या. (आता लेन्स लहान केल्यावर दोन मीटर इकडेतिकडे सहज चाललं असतं, टेपाची काहीच गरज नव्हती. हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. बाबांनी टेपाला हलकासा झटका दिला, मी मिटलं.)

"बंडूलेबी बसवा," आत्या म्हणाल्या. "पन पाच मीटरवर. पुढं नाही, मागं नाही."

बंडू बसला. या वेळी मी रिंग पाचवर आणली, पडद्यावर एकेक चेहरा मोठा करून तपासला आणि बटण दाबलं. टीव्हीवर फोटो लागला तेव्हा आत्या उठून जवळ गेल्या. त्यांच्या पदराची शिवण दिसत होती. शेजारी बसलेल्या भाऊजींच्या खांद्यावरचा त्यांचा हात दिसत होता, नखांसकट.

"असा हाये होय माहा हात," त्या म्हणाल्या. एवढंच. मग चहा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. लग्नाची तारीख ठरली होती. आत ताईने इतक्या जोरात हसून स्टुलावरून उडी मारली की दुधाचं पातेलं लवंडलं. मी फोनपाशीच उभी होते, कारण मला ठाऊक होतं की आता माझा विषय निघणार.

"अन् लग्नाचे फोटो," आत्या म्हणाल्या, "नागसेनभाऊच काढतीन. कालचा काय झकास काढला त्याइनं! पोरीले बी आना संगं, टेप धराले."

"आणि कॅमेरा?" मी विचारलं.

"तो काय, बटन दाबाले कोनीबी चालते. बंडू हाये ना."

मी तिथल्या तिथे निर्णय घेतला. लग्नात मी टेप धरणार, आणि मनापासून धरणार. तेव्हापासून रोज सकाळी अंगणात सराव चालू आहे, कारण बाबांचं म्हणणं आहे की इचोड्याला माझ्या टोकाकडून टेप चांगला दोन बोटं ढिला होता.