गोमाजी अस्वलाची उचलबांगडी

एका जंगलात रेल्वे होती.

जंगलात रेल्वे कशाला, असं विचारू नका मुलांनो. बाकीच्या जंगलांत होती, म्हणून याही जंगलात होती. सकाळी एक गाडी जायची आणि संध्याकाळी तीच परत यायची. ससे, भेकरं, मुंगसं तिच्यात बसून नातेवाइकांकडे जायची आणि नातेवाइकांना कंटाळून परत यायची.

आता रूळ म्हटले की झिजणार आणि रुळांखालचे लाकडी स्लीपर म्हटले की तडकणार. जुनं काढायचं, नवं घालायचं, हे आलंच. त्यासाठी रानगव्यांची एक टोळी होती. कामाला अगदी वाघ. गवे जुने स्लीपर उपसून बाजूला फेकायचे, नवे बसवायचे आणि शेपट्या झटकत पुढे जायचे.

बाजूला पडलेलं जुनं कोण उचलणार? ते दुसऱ्या टोळीचं काम. ती टोळी कुठे आहे? ती अजून भरायची आहे. कधी भरणार? मुलांनो, तुम्ही फार प्रश्न विचारता. अशानं तुम्हाला पुढे नोकरी लागायची नाही.

तर रुळांच्या दोन्ही अंगांना राशी लागल्या. तुटके स्लीपर, वाकडे रूळ, गंजके बोल्ट, मातीत मिसळलेली खडी. राशींवर करवंदीच्या जाळ्या उगवल्या आणि जाळ्यांना करवंदं लागली. म्हणून त्या भागाला नावच पडलं, करवंदीची हद्द.

या हद्दीचा मुकादम होता गोमाजी अस्वल. अंगानं आडदांड आणि मनानं हळवा. त्याचं घर इथे नव्हतं. घर होतं मोहवाडीला, लाइनीच्या पार शेवटच्या टोकाला. तिथे मोहाची झाडं होती, मधाची पोळी होती, बायको सखू होती आणि पिल्लं होती. धाकटं पिल्लू तर गोमाजीनं अजून पाहिलंच नव्हतं. मुकादम रजेवर गेला तर हद्द कोणाच्या ताब्यात द्यायची, हा प्रश्न सुटत नव्हता, म्हणून त्याला रजा मिळत नव्हती.

अधूनमधून सखूचा निरोप घेऊन पारवा यायचा.

"धाकट्याला दात आले," पारवा घडाघडा म्हणायचा. "सगळ्यांना चावतो. तुमच्यावर गेलाय, असं शेजारी म्हणतात. एकदा येऊन बघा, म्हणजे आम्हालाही पटेल."

निरोप ऐकून गोमाजी जरा वेळ राशीवर बसून राहायचा. मग नाक पुसून कामाला लागायचा.

बदली मागायला तो दर वर्षी सांबरसाहेबांकडे जायचा. सांबरसाहेब म्हणजे अख्ख्या लाइनीचे मोठे साहेब. कुठल्याही दारातून आधी त्यांची शिंगं आत यायची आणि बऱ्याच वेळानं साहेब यायचे.

"साहेब, मला मोहवाडीला टाका," गोमाजी म्हणाला.

"आधी तुझी हद्द बघ," साहेब म्हणाले. "काय तो उकिरडा. हद्द लख्ख कर, बदली तुझीच आहे."

"साहेब, एकेक स्लीपर उचलायला चार अस्वलं लागतात. मी एकटाच आहे."

"मग यंत्र मागव. युग यंत्राचं आहे."

युग कधी बदललं, हे गोमाजीला कोणी कळवलं नव्हतं. पण त्यानं यंत्र मागवलं.

यंत्र आलं. पिवळंधमक, रुळांवरून चालणारं. त्याला लांब मान होती आणि मानेच्या टोकाला पोलादी पंजा. पंजा खाली यायचा, स्लीपरला मिठी मारायचा आणि त्याला अलगद वर घ्यायचा. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं, कोणाच्या जिभेला वळेना. एक म्हातारी घोरपड बघायला आली होती. पंजानं एक जाडजूड स्लीपर चहूकडून धरून वर उचलला, तशी ती म्हणाली, "अगं बाई, ही तर उचलबांगडी."

झालं. तेच नाव चिकटलं. कोणाला हातपाय धरून त्याच्या जागेवरून उठवलं, की आपण त्याची उचलबांगडी झाली म्हणतो. तुम्हाला ठाऊक असेलच. तुमच्या बऱ्या मास्तरांची होते, नेमकी तीच.

यंत्राची रीतसर पूजा झाली. पंजाला हार घातला, लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला. यंत्र सुरू होताच पंजानं सगळ्यात आधी पूजेचं ताट उचललं. तो शुभशकुन आहे, असं सगळ्यांनी ठरवलं.

यंत्र चालवायला हुप्पाजी वानर होता.

"उचलायचं शिक्षण माझं पक्कं झालंय," तो म्हणाला.

"आणि ठेवायचं?" गोमाजीनं विचारलं.

"ते दुसऱ्या तुकडीला दिलंय."

"मग हे वर धरलंयस, ते ठेवणार कुठे?"

हुप्पाजीनं हुकूम आठवला. हुकूम होता, 'जुना माल हद्दीबाहेर करावा.' हद्द संपायची ओढ्यापाशी, चुना फासलेल्या एका दगडाजवळ. यंत्र तिथवर गेलं, दगडावरून मान पलीकडे केली आणि पंजा उघडला. धडाम.

"झालं," हुप्पाजी म्हणाला.

बघता बघता करवंदीची हद्द साफ झाली. करवंदीच्या जाळ्याही गेल्या. नाव तेवढं राहिलं. गोमाजी रुळांच्या कडेनं हिंडायचा आणि मनातल्या मनात सामान बांधायचा.

दगडाच्या पलीकडे बिब्याची हद्द होती. तिथला मुकादम दगडू रानडुक्कर. चिखलात लोळायचं आणि गाडी आली की एक कान हलवायचा, एवढं काम तो मन लावून करायचा. पहिला स्लीपर त्याच्या शेजारी पडला, तेव्हा त्यानं कूस बदलली. दुसरा पडला, तेव्हा त्यानं पुन्हा कूस बदलली. पण चिखलच राशीखाली गेला, तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. त्यानंही यंत्र मागितलं. एका हद्दीला यंत्र आणि दुसरीला नाही, हा पक्षपात झाला असता. म्हणून त्यालाही मिळालं. त्या यंत्रावरच्या वानरालाही उचलायचंच शिकवलेलं होतं.

सकाळी गोमाजी उठला, तर रास परत दारात.

मग काय विचारता. गोमाजीचं यंत्र माल तिकडे टाकी आणि दगडूचं यंत्र तोच माल इकडे टाकी. स्लीपर तेच, बोल्ट तेच, खडीसुद्धा तीच. एका चिरक्या स्लीपरला तर गोमाजी चेहऱ्यानं ओळखू लागला. त्याला रामराम करायचाच काय तो बाकी होता. जन्मभर एका जागी पडून राहिलेल्या त्या लाकडाला म्हातारपणी एवढा प्रवास घडत होता, आणि गोमाजी मात्र होता तिथेच होता. त्याचा जीव जळत होता.

यंत्रं रुळांवर, म्हणून गाडी ओढ्यापाशी खोळंबायची. खिडकीतून एक ससा डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय हो मुकादम, कसला ब्लॉक?"

"जुना माल हटवतोय," गोमाजी म्हणाला.

"हटतोय की झकास. पण परत का येतोय?"

उत्तर गोमाजीला ठाऊक होतं, पण मुकादमानं ते द्यायचं नसतं.

शेवटी तो दगडूला भेटायला दगडापाशी गेला.

"दगडू, एक वॅगन मागवू," तो म्हणाला. "दोघं मिळून माल भरू आणि एकदाचा लोखंडाच्या भट्टीकडे पाठवून देऊ."

"वॅगन उभी कोणाच्या हद्दीत करायची?" दगडूनं विचारलं.

"माझ्या कर."

"म्हणजे माल तुझ्या हद्दीतला ठरला. हटवल्याचं नाव तुझं झालं. मग माझ्या यंत्रानं काय माश्या मारायच्या?"

"मग तुझ्या हद्दीत कर."

"वा रे वा. म्हणजे घाण माझी ठरली."

गोमाजीनं कपाळाला हात लावला. हद्द झाली, असं म्हणणार होता. पण हद्द होती, म्हणून तर सगळं झालं होतं. तो परत आला.

एवढ्यात खबर आली की सांबरसाहेब तपासणीला येताहेत. तपासणीच्या दिवशी उजाडायच्या आत गोमाजीनं हुप्पाजीला हलवून उठवलं आणि माल झाडून सगळा पलीकडे टाकायला लावला. मग वाटेवरची पानंसुद्धा वेचली. दगडूचा वानर अजून आंघोळीला गेलेला होता.

साहेब ट्रॉलीत बसून आले. करवंदीची हद्द आरशासारखी लख्ख. बिब्याची हद्द म्हणजे डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी घोरणारा दगडू. साहेबांची शिंगं रागानं थरथरली.

"नालायका," साहेब कडाडले. "तुझी उचलबांगडी. आजच्या आज. लाइनीच्या टोकाला जाऊन सड. मोहवाडीला."

दगडू ढसाढसा रडला. मोहवाडीला चिखल नव्हता.

मग साहेब गोमाजीकडे वळले. गोमाजीनं केस चापून बसवले आणि हात जोडले.

"शाबास, गोमाजी. असा मुकादम सगळ्या लाइनीत नाही. तू इथेच राहायचंस."

"पण साहेब, हद्द लख्ख केली की बदली, असं आपण म्हणाला होता."

"म्हणालो होतो. तेव्हा तू कामाचा नव्हतास. आता आहेस. कामाच्या माणसाला कोणी सोडतं का, वेड्या?"

आपण माणूस नाही, अस्वल आहोत, हे सांगायचंही गोमाजीला सुचलं नाही. ट्रॉली निघून गेली. दगडूही आपलं बोचकं घेऊन मोहवाडीच्या गाडीत बसला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत गोमाजी तिच्याकडे बघत होता.

दुपारी पारवा आला.

"धाकटा चालायला लागला," पारवा म्हणाला. "अंगणात जातो आणि दिसेल त्या काळ्या दगडाला बाबा म्हणतो. सखूबाई म्हणाल्या, एवढंच सांग. बाकी काही सांगू नकोस."

त्या दिवशी गोमाजी रडला. मोठ्यानं, भोकाड पसरून रडला. एवढं मोठं अस्वल रडताना बघून हुप्पाजीनं यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रास परत इकडे आली होती. दगडूच्या जागी एक साळिंदर आलं होतं, नवं आणि फार उत्साही. हुप्पाजी यंत्र घेऊन आला, तर राशीच्या टोकावर गोमाजी आडवा पडलेला.

"मुकादम, उतरा," हुप्पाजी म्हणाला. "माल उचलायचाय."

"मीच माल आहे. उचल."

"असं काय बोलता? तुम्ही मुकादम."

"बरं, मी नवा की जुना?"

हुप्पाजी घुटमळला. "माझा आजा तुमच्या गोष्टी सांगायचा. म्हणजे जुनेच की."

"रुळाच्या मधे आहे की बाजूला पडलोय?"

"बाजूला पडलाय."

"गंजलोय?"

हुप्पाजीनं त्याच्या केसांकडे नीट पाहिलं. "कडेकडेनं."

"मग हुकूम काय सांगतो?"

हुप्पाजीनं डोकं खाजवलं. त्याला पटलं. पंजा खाली आला, त्यानं गोमाजीला चहूबाजूंनी धरलं आणि वर उचललं. हातपाय लोंबताहेत, पोट आभाळाकडे, अशी गोमाजीची वरात दगडापर्यंत गेली. पलीकडे पंजा उघडला. धडाम.

आता मुलांनो, नीट ऐका. बाकीचा माल पडला की पडून राहायचा. गोमाजी उठला. त्यानं अंग झटकलं आणि तो मोहवाडीच्या दिशेनं चालू लागला.

"अहो, थांबा," पलीकडच्या यंत्रावरचा वानर ओरडला. "तुम्हाला परत टाकायचंय."

"उद्या टाका," गोमाजी म्हणाला आणि त्यानं पावलं जरा भरभर उचलली.

इकडे करवंदीत काहीच अडलं नाही. यंत्रं माल टाकत राहिली. साहेब पुन्हा तपासणीला आले, दोन्हीकडची लगबग बघून खूष झाले. मुकादम कुठे दिसत नाही, असं कोणीतरी म्हणालं.

"याला म्हणतात वचक," साहेब म्हणाले. "स्वतः दिसत नाही, पण काम कसं चालू आहे बघा." आणि त्यांनी जागच्या जागी हुकूम दिला, की गोमाजी मुकादमाला करवंदीच्या हद्दीतून कधीही हलवू नये.

तिकडे मोहवाडीत ऊन डोक्यावर आलं होतं. मोहाखाली एक पिल्लू खेळत होतं. वाटेनं धुळीनं माखलेलं, लंगडणारं, जागोजागी खरचटलेलं काहीतरी आलं आणि कुंपणाशी उभं राहिलं. पिल्लानं जवळ जाऊन त्याचा वास घेतला आणि त्याच्या पायाला कडकडून चावलं. ते ओरडलं नाही. उलट हसायला लागलं, आणि हसता हसता खालीच बसलं.

"आई, कोण आलंय गं?" पिल्लानं विचारलं.

सखू दारात आली. तिनं पदर तोंडाला लावला.

"भंगार आलंय रे," ती म्हणाली. "उन्हात नको पडू देऊ. आत घे."

तात्पर्य: मुलांनो, कामाचे व्हाल तर आहात तिथेच राहाल. नालायकांना बदली मिळते. ज्यांना हेही जमत नाही, त्यांनी वेळेवर भंगारात निघावं. मात्र पडल्यावर लगेच उठावं, कारण पलीकडेही यंत्र असतं.