पेशींचा खरा व्यास व तत्संबंधी हांडवा

जे दिसते तेच मोजावे, आणि मोजलेले सोयीचे निघाल्यास पुन्हा पाहू नये, या तत्त्वावर शास्त्राने बरीच प्रगती केली आहे. १९९५ साली बाजव्याकडील एका औषध कंपनीत हे तत्त्व निष्ठेने पाळले जात असता मापन अधिकारी भास्करराव यांनी त्यात विघ्न आणले.

कंपनीची अंगदुखीवरील नवी गोळी उंदरांना चारून झाली होती. तिने यकृताच्या पेशी सुजतात काय, एवढाच प्रश्न होता. सरासरी व्यास पंचवीस मायक्रॉनच्या आत राहिल्यास गोळी निर्धोक म्हणून विकायची. वर गेल्यास धोक्याची सूचना छापायची. सूक्ष्मदर्शकाखालील कापांत सरासरी एकवीस भरली. पेढे आले.

भास्कररावांनी पेढा घेतला नाही. सुरी प्रत्येक पेशीच्या मध्यातून जात नाही, कित्येकींना नुसती कडेला चाटून जाते, म्हणून कापात पेशी लहान दिसते, असे त्यांचे म्हणणे. सबब सरासरीला एक पूर्णांक सत्तावीस शतांशाने गुणावे. उत्तर, सव्वीस पूर्णांक सात दशांश.

गोळी मंजूर करणाऱ्या समितीला हे पटेना (सदस्य सात, पैकी विक्री विभागाचे पाच). तेव्हा भास्कररावांच्या पत्नी मथुराबाई यांनी, एकसारखे वाटाणे चाळणीने निवडून, ते डाळतांदळाच्या आंबवलेल्या पिठात घालून, सुभानपुऱ्याच्या घरून भाजलेला जाडजूड हांडवा करून पाठवला. भास्कररावांनी त्याचे पातळ काप केले. कापांत वाटाण्यांच्या चकत्या लहानमोठ्या दिसू लागल्या.

"वाटाणे सगळे सारखे होते. लहान केले ते सुरीने."

"वहिनींचा हात एकदम सरस हो!" अध्यक्ष जयसिंगराव तिसरा काप उचलत म्हणाले. "पण भास्करराव, उंदीर बिचारे मरून गेले. आता त्यांची यकृतं फुगवून कुणाचं भलं होणार?"

"गुणाकाराशिवाय माझी सही नाही."

"तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे बरं का."

"तो तिथेच राहू द्या."

समितीने पुरावा चटणीसह संपवला आणि (सही कायद्याने आवश्यक असल्याने) गुणाकार मान्य केला. मुदतवाढ अमान्य केली. खरा व्यास, यकृताला असलेला धोका, सर्व काही छापले गेले. मुद्रिते भास्कररावांनी स्वतः तपासली. एक अनुस्वारही चुकलेला नव्हता. सही करून ते सन्मानाने निवृत्त झाले.

गोळी उत्तम खपते. सूचना प्रत्येक पाकिटात, बारीक टाइपात, आठ घड्यांच्या कागदावर असते. तो कागद आपणही पाहिला आहे. गोळ्यांच्या आड येतो म्हणून आपण तो आधी काढून टाकता.