तिसऱ्या मजल्यावरची उंच मावशी

काडीने खोटे बोलायचे मुळीच ठरवले नव्हते. घरमालकीण काकूंनी दारातच विचारले, "वाद्य कोणतं?" आणि काडीच्या तोंडून "बासरी" हा शब्द निघून गेला, एवढेच. तोंडातून निघालेला शब्द आणि नळीतून निघालेली टूथपेस्ट पुन्हा आत घालता येत नाही, हे तिला एकोणिसाव्या वर्षीही कोणी शिकवले नव्हते.

"बासरी चालेल," काकू म्हणाल्या. "मागचा भाडेकरू ड्रम वाजवायचा. त्याच्यापायी माझी कवळी सैल झाली. वाद्य लहान आणि आवाज त्याहून लहान, ही माझी अट. पटत असेल तर तिसऱ्या मजल्यावरची खोली तुझी."

काडीला पटले. न पटून सांगते कोणाला? संगीत महाविद्यालयाचे नवे वर्ष चार दिवसांवर आले होते, सुट्टीत सरावाच्या खोल्यांचे छत खाली आले होते आणि काडी जे वाद्य वाजवत होती त्याचे नाव ऐकून आतापर्यंत सात घरमालकांनी दारे लावून घेतली होती. ते वाद्य म्हणजे डबल बास. व्हायोलिनच्या घराण्यातला हा आजोबा. उभा केला की सहा फूट. काडी टाचा उंचावून पाच. दोघे रस्त्याने निघाले की कोण कोणाला घेऊन चालले आहे, हे लांबून कळत नसे.

बरे, सराव चुकवण्याची सोय नव्हती. पहिल्या वर्षी काडी वाद्यवृंदात शेवटच्या खुर्चीवर, खांबामागे बसली होती. वर्ष संपताना सरांनी तिला बोलावून सांगितले होते, "तुझा सूर भित्रा आहे. गज तारेवर ठेवतेस की विस्तवावर? नव्या वर्षाच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षा घेईन. तेव्हाही असाच वाजवलास तर वाद्य काढून घेईन आणि संगीताच्या इतिहासाला बसवीन. तिथं सगळे बसूनच असतात."

तेव्हा बास खोलीवर न्यायचाच होता. मदतीला वर्गातला बासरीवाला आला. मुलगा मनाने चांगला, पण आपली जागा आली की विचार न करता वाजवायचा, ही त्याची खोड. त्याने मामाची व्हॅन आणली आणि आपल्या आजोबांची चाकाची खुर्ची आणली. बासला ओरखडा उठू नये म्हणून दोघांनी त्याला रजईत गुंडाळले. मान नाजूक, म्हणून मफलर गुंडाळला. वरच्या खुंट्या धक्क्याने फिरू नयेत म्हणून त्यांच्यावर लोकरी टोपी चढवली. मग सगळे खुर्चीत टेकवून पट्ट्याने बांधले. यात फसवणुकीचा विचार कणभर नव्हता. दुपारी दोन वाजता घरमालकिणी झोपलेल्या असतात, एवढ्याच भरवशावर ते लिफ्टपर्यंत पोचले.

लिफ्टचे दार उघडले आणि आतून काकू बाहेर आल्या.

"अगं बाई, या कोण?" काकू म्हणाल्या.

काडीने बासरीवाल्याकडे पाहिले. बासरीवाल्याला वाटले, आपली जागा आली.

"मावशी," तो म्हणाला. "हिच्या. आजारी असतात."

"चांगल्याच उंच आहेत की."

"त्यांच्याकडे सगळे उंच."

"ही तर एवढीशी."

"ही वडिलांवर गेली."

एवढ्यात खुर्चीचे चाक लिफ्टच्या फटीत अडकले, बासला हिसका बसला आणि रजईच्या आतून जाड तार घुमली. हुंऽऽऽ.

काकूंचा चेहरा पालटला. ड्रमवाल्याला जिन्यावरून खाली हाकलणारी ही बाई, पण तिच्या डोळ्यांत पाणी आले. "कळ आली वाटतं. अरे, हळू ने रे मेल्या, माणूस आहे ते."

आता इथेच काडीने खरे सांगून टाकायला हवे होते. पण काकू स्वतः खुर्ची ढकलू लागल्या होत्या, आणि ढकलणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून 'हे माणूस नव्हे' असे सांगायला जे धैर्य लागते ते काडीच्या सुरातही नव्हते. तिने एवढेच सांगितले की मावशीला उजेड सोसत नाही, परके माणूस पाहिले की ती घाबरते, तेव्हा खोलीत कोणी येऊ नये.

काकू खोलीत आल्या नाहीत. सूप मात्र आले. सकाळी एक वाडगा, संध्याकाळी एक वाडगा. आजाऱ्यासाठी केलेले सूप परत पाठवले तर काकू हिरमुसत, म्हणून काडी आपले जेवून मावशीचेही जेवू लागली. पंधरा दिवसांत तिला काडी म्हणणे अवघड झाले.

सरावाचा प्रश्न तर आपोआपच सुटला, आणि तिथेच फसला. पहिल्या दिवशी काडीने खिडक्या लावून अगदी हळू एक लांब सूर लावला. दाराबाहेर काकूंचा आवाज आला, "कण्हा हो, मोकळेपणानं कण्हा. मनात ठेवू नका." म्हणजे वाजवायला परवानगी होती, फक्त कण्हल्यासारखे वाजवायला हवे होते. लांब, संथ, एका श्वासाएवढा एकेक सूर. सप्तक वर नेले की कळ वाढली, खाली आणले की उतार पडला. एकदा तिने चुकून गज ठेवून बोटांनी तार छेडली, टुम् टुम् टुम्, तर दुसऱ्या मिनिटाला काकू साखर घेऊन हजर. "उचकी लागलीय का त्यांना?"

आणि जलद चालीचे नाव काढायची सोय उरली नाही. आजारी बाई कण्हते. धावत सुटत नाही.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त डॉक्टर राहत. नोकरी सुटली तरी नाडी सुटली नव्हती. त्यांच्या छतातून ते कण्हणे रोज खाली झिरपत होते. आठव्या दिवशी ते वर आले. आत येऊ देत नाहीत म्हटल्यावर त्यांनी छाती तपासायची नळी दारालाच लावली.

"दीर्घ श्वास घ्या," ते दाराला म्हणाले.

आत काडीने घाम पुसला आणि गज या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. डॉक्टरांनी डोळे मिटले.

"छाती विलक्षण मोठी," ते काकूंना म्हणाले. "आतून पोकळ घुमतेय. चाळीस वर्षांत अशी पाहिली नाही. पण श्वास मध्ये थरथरतो. त्यांना म्हणावं, श्वास थरथरता कामा नये. रोज येऊन ऐकीन मी."

झाले. सरांनी वर्षभर सांगून जे झाले नव्हते ते डॉक्टरांच्या धाकाने होऊ लागले. श्वास थरथरला की डॉक्टर गोळ्या लिहून देत, आणि गोळ्या काकू स्वतः आणून देत. गोळ्या टाळायच्या तर गज स्थिर हवा. काडी एकेक सूर तासन् तास घोटू लागली.

त्याहून कठीण काम संध्याकाळचे. काकू दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि मावशीशी बोलत. आधी वर्तमानपत्रातले, मग घरातले, मग मनातले. "माझी नणंद तीस वर्षं म्हणतेय, वहिनी, तुमचं सूप पातळ. तुम्हाला वाटतं का हो पातळ?" काडी आतून गजाने हूं म्हणे. कधी हलकेच, कधी सहानुभूतीने, कधी नणंदेचा राग आल्यासारखे. नुसत्या एका सुरात किती गोष्टी सांगता येतात, हे तिला तिथे कळले. "इतक्या वर्षांत मध्ये न बोलता कुणी ऐकलंच नव्हतं हो माझं," काकू एकदा म्हणाल्या. त्या दिवशी काडीने उत्तरादाखल लावलेला सूर गज संपेपर्यंत सोडला नाही.

तिसऱ्या आठवड्यातला परीक्षेचा दिवस उजाडला. मावशीला तपासणीला न्यायचे आहे, असे काडीने सांगितले. पाठवणीला सगळी इमारत खाली उतरली. डॉक्टरांनी टाचण लिहून दिले. बासरीवाल्याने व्हॅनचे मागचे दार उघडले, खुर्ची चढवली, आणि मागोमाग काकू चढल्या.

"काकू, तुम्ही कशाला?" काडी म्हणाली.

"एकटीनं नेशील? तुझा जीव केवढा." आणि त्या खुर्चीशेजारी बसल्या.

व्हॅन निघाली. मग एका वळणावर खुर्ची कलली. काकूंनी धीर देण्यासाठी मावशीचा हात धरायला रजईत हात घातला. काही वेळ त्या चाचपत राहिल्या. मग त्यांनी टोपी काढली. खाली चार खुंट्या होत्या.

"मावशी लाकडाच्या आहेत," काकू म्हणाल्या.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

व्हॅन आणखी दोन चौक गेली.

"मी नणंदेचं सगळं सांगितलं होतं."

"मी कुणाला सांगणार नाही, काकू."

"सूप कोण प्यायलं?"

"मी. पातळ नव्हतं."

काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवले. खोली गेली, हे काडीने ओळखले. खोली गेली म्हणजे बास गेला. आजची परीक्षा पास झाली तरी वर्षभर वाजवणार कुठे? याच विचारात ती सरांसमोर उभी राहिली. काकू मागच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. "या कोण?" सरांनी विचारले. "पेशंटबरोबर आलेय," काकू म्हणाल्या.

सरांनी एक संथ रचना समोर ठेवली. काडीने गज ठेवला. हरायचे ते हरून झालेच होते, त्यामुळे भ्यायला काही शिल्लक नव्हते. पहिला सूर निघाला तो दारापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा, आणि मग एकामागून एक निघत गेले. संपल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला.

"सुट्टीत काय केलंस तू?"

"सुट्टीत काही नाही, सर. परवापरवापर्यंत कण्हत होते."

"बास सगळ्यांनाच कण्हायला लावतो," सर म्हणाले आणि तिचे नाव पहिल्या खुर्चीवर लिहिले. मग जलद चालीची रचना ठेवली. ती काडीला चार ओळीही आली नाही. "ही राहू दे," सर म्हणाले. "ही वर्षभरात येईल."

परतताना काकू खुर्चीपासून लांब, दाराशी बसल्या. व्हॅन दारात थांबली तेव्हा सगळी इमारत अजून खालीच उभी होती, पुढे डॉक्टर. काडीने सामान कसे बांधायचे याचा हिशेब मनात सुरू केला. काकू आधी उतरल्या. त्यांनी एकदा शेजाऱ्यांकडे पाहिले, एकदा रजईकडे. तीन आठवडे याच लोकांना त्यांनी आपल्या सेवेच्या गोष्टी रंगवून सांगितल्या होत्या.

"काय म्हणाले तपासून?" डॉक्टरांनी विचारले.

काकूंनी डॉक्टरांकडे पाठ करून, व्हॅनमध्ये वाकून टोपी नीट खुंट्यांवर ओढली.

"पुष्कळ सुधारणा आहे, म्हणाले. पण अजून वर्षभर कण्हावं लागेल. आणि थोडं धावायलाही सांगितलंय."

डॉक्टरांनी मान डोलावली. "माझंही निदान तेच होतं," ते म्हणाले, आणि खुर्ची वर न्यायला पुढे झाले.