सेहेचाळीस डोक्यांची फौज

"या कंपनीला मी एकटा पाणी पाजतो, लिहून ठेव," क्लेम पेंगेली म्हणाला. म्हणाला कसला, कुजबुजला. कारण स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर त्याची बायको नोरीन कपडे वाळत घालत होती. एवढ्यावरून गड्याच्या शौर्याचा अंदाज यावा.

समोर दिन्को बसला होता. दोघांनी बावीस वर्षं एकाच ड्रिलिंगच्या गाडीवर जमिनीला भोकं पाडली होती.

"तुझ्याकडे शेअर किती?" दिन्कोने विचारलं.

"दोन लाख."

"आणि कंपनीचे एकूण?"

"ऐंशी कोटी."

"मग पाणी कुठलं पाजतोस लेका, टाकीत थुंकतोयस."

हसण्यासारखी गोष्ट नव्हती. तीन वर्षांपूर्वी बोल्डर गावात लिथियमचा ताप आला होता. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत जो तो बॅटरीवर व्याख्यान देत होता. कंपनीचे साहेब कोऱ्या करकरीत बुटांत गावात आले, फुकटची बिअर पाजली, रंगीत पुस्तिका वाटल्या आणि गेले. क्लेमने 'टिनकेटल लिथियम'चे दोन लाख शेअर चाळीस सेंटांना घेतले. ऐंशी हजार डॉलर. पैसा कुठला? नोरीनने शाळेच्या कँटीनमध्ये अकरा वर्षं भट्टीपुढे उभं राहून साठवलेला. कॅराव्हॅनसाठी. निवृत्तीनंतर मोटारीमागे घर बांधून देश फिरायचा, हे तिचं स्वप्न. त्या कॅराव्हॅनचा फोटो फ्रिजवर चिकटवलेला होता. दूध घ्यायला गेलं की क्लेमची नजर त्यावर पडे आणि तो दूध न घेताच मागे फिरे. पैसे बँकेत सुखरूप आहेत, असं नोरीन समजत होती.

आता लिथियमचा भाव गाळात गेला होता आणि खाण बंद पडली होती. ही खाण दोन कंपन्यांच्या भागीदारीतली: सत्तर टक्के एका बड्या कंपनीची, तीस टक्के टिनकेटलची. त्या बड्याने अख्खी टिनकेटलच गिळायचं ठरवलं होतं, शेअरला अकरा सेंट देऊन. भाव योग्य आहे असा दाखला एका स्वतंत्र तज्ज्ञाने दिला होता. त्या स्वतंत्र तज्ज्ञाची फी टिनकेटलच भरणार होती. असं स्वातंत्र्य कुत्र्याला साखळी बांधूनही देता येतं.

सौदा झाला तर घरी पैशांचं पत्र येणार, आणि घरातली सगळी पत्रं नोरीन फोडते. सौदा मोडला तर भाव कधीतरी पुन्हा चाळीसला जाईल, क्लेम गुपचूप विकेल आणि कुणाला काही कळणार नाही. म्हणून सौदा मोडायलाच हवा होता.

"नियम वाचलाय मी," क्लेम म्हणाला. "मोजणी दोनदा होते. एकदा शेअरांची, एकदा डोक्यांची. पाचशे शेअरवाल्यालाही एक डोकं, पाच कोटीवाल्यालाही एकच. निम्म्याहून जास्त डोकी 'हो' म्हणाली नाहीत तर सौदा बोंबलला. मी डोकी वाढवतो."

"कुठून?"

"क्लबातून."

गावच्या बोल्स क्लबात रोज दुपारी म्हातारी मंडळी पांढऱ्या टोप्या घालून हिरवळीवर जड गोळे लोटत. सरासरी वय चौऱ्याहत्तर. क्लेमने त्यातली सेहेचाळीस डोकी हेरली आणि प्रत्येकाच्या हातात पाचशे शेअरांच्या हस्तांतराचा फॉर्म ठेवला.

"फुकट?" बेरिलबाईंनी चष्मा वर केला. "काय खोट आहे त्यात?"

"काही नाही हो. फक्त मतपत्रिका येईल तेव्हा 'विरोधात'वर खूण करायची."

"गेल्या वेळी फुकट घेतलेलं मांजर होतं. त्याला सात पिल्लं झाली."

"याला होत नाहीत. आणि एक, नोरीनला यातलं अवाक्षर सांगायचं नाही."

"अवाक्षर नाही," सेहेचाळीस जण एकेक करून म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला, हीच तर रड आहे.

पुढचे सहा आठवडे क्लेम जिवंत होता, पण नावाला. टपालवाल्याची मोटरसायकल वाजली की हा चपला न घालता फाटकाकडे धावे. फोन वाजला की नोरीनच्या आधी झडप घाली. सगळ्यात भयंकर म्हणजे नोरीन गोड वागत होती. एरवी त्याला मटण भरलेली पेस्टी एक मिळे, आता न मागता दुसरी येई.

"खा रे," ती म्हणे. "वाळलायस."

"पोट भरलं."

"खाऊन घे. पुढचे दिवस कुणी पाहिलेत?"

पस्तीस वर्षांच्या संसारात बाई ओरडली की त्याला हायसं वाटे. ती गोड बोलली की त्याला खाणीतलं ते शांत मिनिट आठवे, सुरुंग लावून झाल्यावरचं.

मग पर्थला होणाऱ्या भागधारकांच्या सभेच्या दोन दिवस आधी नोरीन म्हणाली, "मी पर्थला बहिणीकडे जाऊन येते." क्लेमने देवाचे आभार मानले. ती आगगाडीने गेली. दुसऱ्या दिवशी हाही गुडघ्याच्या डॉक्टरचं निमित्त काढून दिन्कोच्या गाडीतून पर्थला निघाला.

"जिंकलो," सहाशे किलोमीटर तो हेच घोकत होता. दिन्को फक्त एकदा म्हणाला, "क्लेम, त्या म्हाताऱ्यांनी फॉर्म नीट भरले असतील ना?"

"न भरायला काय झालं?"

"बेरिलने आयुष्यात स्वतःहून फॉर्म भरलाय?"

मधल्या गावातल्या टपरीवर क्लेमने घेतलेला चहा तसाच थंड झाला.

सभा एका हॉटेलच्या सभागृहात होती. मंचावर कोरे बूट, खाली झिजलेले. क्लेम आत शिरला आणि दारातच थबकला.

पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, बोल्डर क्लबाची पांढरी टोपी होती. टोपीखाली नोरीन. मांडीवर कागदांचा हा एवढा गठ्ठा.

"दिन्को," क्लेमने त्याची बाही ओढली, "घरी चल."

"आता कुठं घरी? तुझं घर तर इथं येऊन बसलंय."

आणि तेव्हा क्लेमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोल्डरमध्ये साठीच्या पुढचा एकही माणूस स्वतःचा फॉर्म स्वतः भरत नाही. पेन्शनचा असो, पालिकेचा असो की क्लबातल्या मटणाच्या सोडतीचा, सगळे क्लबच्या सेक्रेटरीकडे नेतात. सेक्रेटरी नोरीन होती. सतरा वर्षं!

"पण मी त्यांना बजावलं होतं, तिला सांगू नका म्हणून," तो पुटपुटला.

"सांगितलं नसेलच," दिन्को म्हणाला. "नुसता फॉर्म दिला असेल."

आणि त्या प्रत्येक फॉर्मवर, देणाऱ्याच्या रकान्यात, क्लेमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: क्लेमेंट पेंगेली.

अध्यक्षांनी प्रश्न मागवले. नोरीन उठली. "मी सेहेचाळीस सभासदांच्या वतीनं आलेय, त्यांनी मताचा अधिकार मला लिहून दिलाय. मला एवढंच सांगा, सौदा मोडला तर ही खाण चालू कधी होणार?"

"बाजारावर अवलंबून आहे, मॅडम."

"तोवर भागीदारीचा खर्च?"

"आपल्या वाट्याचे तीस टक्के दरवर्षी भरावे लागतील."

"तिजोरीत आहेत?"

अध्यक्ष घोटभर पाणी प्याले. "नवे शेअर काढून विकावे लागतील."

"म्हणजे पाहुणे वाढले की सूपमध्ये पाणी," नोरीन म्हणाली. "कळलं." आणि ती खाली बसली. तीन वर्षं रंगीत पुस्तिका उशाशी घेऊन झोपणाऱ्या क्लेमला जे उमगलं नव्हतं, ते कँटीनवालीने तीन प्रश्नांत सोलून ठेवलं.

मतपत्रिका वाटल्या गेल्या. क्लेमने पेन्सिल उचलली. अजून त्याचं स्वतःचं एक डोकं शिल्लक होतं. तेवढ्यात नोरीनने मान वळवली. ओरडली नाही, भुवईही हलवली नाही. नुसतं पाहिलं.

क्लेमच्या पेन्सिलीने आपणहून 'बाजूने'वर खूण केली.

तासाभराने निकाल वाचला गेला. शेअर: एक्क्याऐंशी टक्के बाजूने. डोकी: बाजूने तीनशे बारा, विरोधात दोनशे ऐंशी. सौदा मंजूर.

शेजारी बसलेला एक लाल नाकाचा गृहस्थ हताश होऊन म्हणाला, "ते बोल्डरवाले सेहेचाळीस नसते तर आपण अडवला असता हो. कुठल्या गाढवानं आणले ते?"

"काय माहीत," क्लेम म्हणाला. दिन्कोला एकाएकी खोकला आला.

बाहेर सँडविचच्या टेबलापाशी नोरीन उभी होती. क्लेम फाशीच्या कैद्यासारखा तिच्यासमोर गेला.

"गुडघा कसाय?" तिने विचारलं.

"नोरीन, मी..."

"चाळीसला घेतलेस. अकराला गेले. त्यातलेही तेवीस हजार शेअर तू खिरापतीसारखे वाटलेस. मोडला असता सौदा तर अकराही हाती लागले नसते. बोलायचं आहे काही?"

"नाही."

"शहाणा आहेस." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. फ्रिजवरच्या कॅराव्हॅनचा फोटो असणार, या भीतीने क्लेमने डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर तंबूचं चित्र होतं. हिरवा, छोटा.

क्लेमच्या जिवात जीव आला. "छान आहे की! दोघांना जरा अडचण होईल, पण..."

"एकट्याचा आहे. देश तर मी फिरणारच. तू यात झोपशील."

"आणि तू?"

"मोटेलात. क्लबातल्या सेहेचाळीस जणांनी आपापले पंचावन्न डॉलर मला द्यायचं कबूल केलंय. बेरिल म्हणाली, बाई गं, तुझ्या नवऱ्याचंच आहे, तुझ्याच कामी येऊ दे."

क्लेमने तंबूच्या कागदाची पुन्हा घडी घातली. "थंडीच्या दिवसांत," तो अगदी हळू म्हणाला, "एखादी रात्र मोटेलात आलो तर चालेल का?"

नोरीनने सँडविचचा घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"फॉर्म भरून दे," ती म्हणाली. "आणि या खेपेला स्वतः भर."