हिराजीचा गारवा

हिराजी कुणाच्याही घरी गेला की आधी फ्रिजच्या दाराचं रबर चाचपायचा, मग माणसांना रामराम. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेला, तिथेही त्यानं मुलीला विचारलं, "संध्याकाळी फ्रिज कितींदा उघडतेस?"

"मोजलं नाही," ती म्हणाली.

"खरं बोलते. करून टाका."

रेवसजवळच्या आमच्या मच्छी सोसायटीचा मी चेअरमन, तो शीतगृहाचा मशीनवाला. दुपारी वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. म्हणून दिवसभर मशीन चालवून तो मिठाच्या पाण्याची मोठी टाकी गोठवायचा आणि सहाला मशीन बंद. दहापर्यंत तो बर्फच खोली थंड ठेवी.

"गारवा सुकटीसारखा हाय, चेअरमन. ऊन हाय तवर करून ठेवायचा, मंग बसून खायचा. फक्त दार उघडू नका."

पण मशीनची घरघर थांबली की मी दाराभोवती घिरट्या घालायचो.

एका संध्याकाळी हिराजी हळदीला गेला होता. मच्छी टिकली आहे का, हे बघायला मी दार उघडलं. एकदा नाही, चारदा. तिसऱ्या खेपेला तर दोन सभासदांना दारातच उभं करून 'गार लागतंय का' म्हणून विचारलं. चौथ्या खेपेनंतर दार नीट लागलंच नाही.

सकाळी सुरमई मऊ पडली होती. कोळणींनी आकाशपाताळ एक केलं. "मशीन बंद ठेवतो मेला! काढा त्याला!"

खोलीतलं तापमान एक यंत्र कागदावर आपोआप नोंदवायचं. त्या रेघेला चार उंचवटे होते. हिराजीनं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, घडी करून खिशात घातला.

"व्हय. माझीच चूक."

मी मान खाली घातली; त्या दोन सभासदांनीही. त्याला काढलं. आजही गावात 'मच्छी सडवणारा' म्हणतात त्याला. म्हणून लिहून ठेवतो : दार मी उघडलं होतं.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन हेच सांगितलं.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मशीनवाल्याशी कोन बोलतंय? तुमीच तेवढे येऊन बसायचे. खरं सांगितलं असतं तर लाजून यायचे बंद झाला असता."

त्या सकाळनंतर मी पहिल्यांदाच त्याच्या दारात आलो होतो.