बोरोव्हिना दुग्धशाळेच्या चुकल्या तासाची बखर

श्री. सकलदुग्धप्रतिपालक, बोरोव्हिना दुग्धशाळेचे व्यवस्थापक साहेब यांचे हुजुरी सेवक दफ्तरलेखकाची विनंती ऐसी जे, ऑक्टोबर सरतां येथे जो गहजब जाहला तो लिहून ठेवावा ऐसी आज्ञा जाहली; त्यावरून जे डोळां देखिले आणि जे संगणकाच्या दफ्तरी सापडले ते यथास्थित लिहितो.

झ्लातिनाबाई कोलारोवा, ज्वालाधिकारिणी, दूध तापवावयाच्या यंत्रावर सव्वीस वर्षे कायम, कोणी बोट दाखवावे ऐसे एकदाही घडले नाही. ऐसियास बुधवारी सरकारी तपासनीस मिन्चेव्ह मुआयन्यास आले आणि त्यांनी संगणकाचे दफ्तर उघडिले, तों त्याच सकाळचे दूध आठ पंचावन्नास चीजच्या हौदांत उतरले आणि तेच दूध नऊ चाळिसास तापले, ऐसी नोंद निघाली. म्हणजे कच्चेच दूध हौदांत गेले. मग तपासनिसांनी तमाम कामगारांसमक्ष फर्माविले की, शुक्रवारी दोन प्रहरांपर्यंत पुरावा रुजू न जाहल्यास अकरा हजार लिटरांचे चारही हौद गटारात रिते करावे आणि बाईस यंत्रावरून दूर करावे.

बाई तडक संगणकाचे दफ्तरदार ओग्न्यान त्सेकोव्ह यांचे दालनी दाखल जाहल्या.

“ओग्न्या, दूध मी तापवलं. तुझं हे डबडं खोटं बोलतंय.”

“खोटं नाही बोलत, ताई. घड्याळ चुकलंय त्याचं.”

“मग पीळ की कान त्याचा! बघत काय बसलायस?”

प्रकार ऐसा जे, रविवारी मुलखाची घड्याळे हिवाळ्याकरितां एक तास मागे आली. हौदांचे घड्याळ मागे आले, परंतु तापयंत्राचे घड्याळ हट्टास पेटून उन्हाळ्यातच राहिले. दफ्तरदार उतावीळ होऊन गुरुवारी सकाळी चालून गेले, आणि तापयंत्राच्या महिनाभराच्या साऱ्या नोंदी एक तास मागे ओढाव्या ऐसा हुकूम संगणकास सोडिला, आणि मोठी शिकस्त जाहली. कारण रविवारापूर्वीचे दिवस मुळात सरळ होते, ते आतां वाकडे जाहले, आणि दुधाची गाडी वेशीवर येण्याआधीच दूध तापले ऐसे बावीस दिवस दिसों लागले. मूळ दफ्तराची नक्कल जवळ होती म्हणून अब्रू वांचली. ती नक्कल पुन्हा कायम केली, तोंवर तपासनीस मागे येऊन उभेच होते.

“आज घड्याळ सरकवलंत, उद्या दूध सरकवाल,” ते म्हणाले. “कुठलं घड्याळ खरं, हे मला तुमच्या तोंडून नकोय.”

दफ्तरदारांचा चेहरा उतरला, कारण बोलणे वाजवी होते. मग त्यांनी दोन्ही यंत्रांच्या नोंदी शेजारी मांडून ओळ ओळ चाळिली, आणि मंगळवारी हौदांच्या नोंदीत दहा बारापासून सात मिनिटे शून्य, आणि तापयंत्राच्या नोंदीत अकरा बारापासून सात मिनिटे शून्य, ऐसे आढळले. वीज गेली होती. अंतर बरोबर एक तास; परंतु खरा कोण, हे ठरेना.

“मंगळवारी वीज कधी गेली, आठवतं का ताई?”

“मला काय विचारतोस? पेन्कामावशीला विचार. तिची चीज भरलेली बनित्सा फुगता फुगता बसली भट्टीत. दुपारपर्यंत शिव्या देत होती.”

पेन्कामावशी, उपाहारगृहाच्या मुदपाकाधिकारिणी, पिठाच्या हातांनिशी हजर जाहल्या.

“बसली म्हणजे? चामडं झालं तिचं! वीजवाल्यांकडे तक्रार केली ना मी तिथल्या तिथे. हे बघ, उत्तर आलंय.”

फोनवर वीज कचेरीची पोच होती: तक्रार दाखल, मंगळवार, दहा चौदा. ऐसी बाहेरील शहादत मिळतांच हौदांचे घड्याळ खरे आणि तापयंत्राचे खोटे, हे मुक्रर जाहले.

मग दफ्तरदारांनी तापयंत्राचे घड्याळ सरळ केले. आणि रविवारपासूनच्याच नोंदी धरून, जुनी वेळ न पुसतां, शेजारी नवा रकाना काढून खरी वेळ लिहिली, आणि दुरुस्तीचे कारण व आपले नांव घातले. शुक्रवारी अकरा वाजतां तपासनिसांनी एकेक नोंद पारखिली. बुधवारचे दूध आठ चाळिसास तापले आणि आठ पंचावन्नास हौदांत उतरले. त्यांनी सही केली, टोपी काढिली आणि बाईंस सर्वांसमक्ष म्हणाले, “चुकलो मी.”

बाई उलट्या क्रेटवर बसल्या आणि तीन दिवसांत प्रथमच रडूं लागल्या. पुढील गाडीचे दूध ताटकळत होते. दफ्तरदारांची नजर भिंतीकडे गेली.

“घड्याळाकडे बघू नकोस, मेल्या,” बाई म्हणाल्या. “पाच मिनिटं मला कुणी मोजू नका.”

यंत्र थांबविले. चार हौद वांचले, बाईंचे नांव निष्कलंक जाहले, मोहीम फत्ते जाहली, हे दफ्तरी रुजू केले असे. ती पाच मिनिटे मात्र कोठेही लिहिली नाहीत.